लांब फळी, आखूड फळी

शनिवार, १८ नोव्हेंबर १९७८

मिरजेला जाऊन आलो. ह्यांच्या मनगटाचं प्लास्टर एकदाचं निघालं. बादलीखाली राहिलेलं गवत पांढरं पडतं, तसा आतला हात दिसत होता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता पुढचं काम तुमचं. मनगट फिरवायचं. किल्ली फिरवल्यासारखं, नळ सोडल्यासारखं, जमेल तितक्या वेळा, दुखलं तरी. नाही फिरवलं तर आहे असंच आखडून बसेल.

हे “यस सर” म्हणाले. पलटणीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाच्या “यस सर”चा अर्थ मला कळतो. ऐकलं, एवढाच तो असतो. करीन, असा नसतो.

हे सगळं त्या टीव्हीपायी झालं. पुण्याचं चित्र मुंग्यांशिवाय दिसावं म्हणून हे भाद्रपदात ओल्या कौलांवर चढून अँटेना फिरवत होते. खाली सासूबाई दारात उभ्या राहून “आनिक जरा, आनिक जरा” असा हुकूम देत होत्या. शेवटचं “आनिक जरा” पुरं व्हायच्या आत हे अंगणात होते. तेव्हापासून टीव्हीवर जुनी चादर टाकलेली आहे. सासूबाई त्याला गुन्हेगार म्हणतात आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात. अँटेना अजून वाकडीच आहे. बहुधा लोणंदकडे बघते.

रविवार, ३ डिसेंबर

कडेगावचे नाथाजीराव आले होते. त्यांचा दौलत आणि आमची अंजना, हे स्थळ ह्यांनीच आणलेलं. मुलगा घरचा ऊस बघतो, बी.एस्सी. ॲग्री झालाय, आणि अंजना सांगलीच्या हॉस्टेलवरून आली की त्याच्याबद्दल अजिबात काही विचारत नाही, यावरून तिला तो पसंत आहे हे मला केव्हाच कळलंय. नाथाजीराव म्हणाले, वैशाखातली तारीख धरू, पोरीची परीक्षाही झालेली असेल. सगळं सुरळीत चाललं होतं. निघताना ते हसत म्हणाले, “सुभेदार, माझा फेटा मात्र तुमच्याच हातचा. सगळ्या भावकीत सांगून ठेवलंय मी.”

आमच्या भावकीत व्याह्याचा फेटा मुलीच्या बापाने स्वतः बांधायचा असतो. आणि ह्यांच्या हातच्या फेट्याचा पीळ म्हणजे काय, ते कोरेगावपासून कडेगावपर्यंत लोक जाणून आहेत. मी चहाच्या कपबशा उचलत होते. पाहते तो हे परसात निघून गेले होते आणि डाव्या हाताने कढीपत्त्याला पाणी घालत होते. आदल्या दिवशीच मी घातलेलं होतं.

परत आले ते म्हणाले, “घाई कशाला? पुढच्या वर्षी बघू.”

नाथाजीरावांचा चेहरा उतरला. मला काही उलगडत नाही. स्थळ ह्यांनीच शोधलं. मुलगा फौजेत नाही, हे आता मनात सलतंय का? की लेक जाणार म्हणून? मी विचारलं तर म्हणाले, “तसं काही नाही.” ह्यांनी असं म्हटलं की हमखास काहीतरी असतं. पण काय?

गुरुवार, २१ डिसेंबर

माझा धाकटा भाऊ कृष्णात आला. तो मालवाहू जहाजावर फिटर आहे. या खेपेला हॅम्बुर्गहून टीव्हीवर खेळायचा एक डबा घेऊन आलाय. चपट्या डब्यातून दोन वायरी निघतात, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला मुठीत बसेल असा ठोकळा. ठोकळ्यावर रेडिओच्या कानासारखं गोल बटण. डबा टीव्हीला जोडला की पडद्यावर दोन पांढऱ्या उभ्या फळ्या दिसतात आणि मध्ये एक चौकोनी ठिपका पळतो. तो चेंडू. कान पिळला की फळी वर-खाली होते. चेंडू अडवायचा, परतवायचा. अडला की डबा “टक” म्हणतो. पंधरा गुण आधी करील तो जिंकला. मजा म्हणजे याला अँटेना लागत नाही, त्यामुळे ती लोणंदकडे बघत असली तरी चालतं.

गुन्हेगाराची चादर निघाली.

डब्याच्या मागच्या अंगाला चार लहान काळे खटके आहेत. मी विचारलं हे कशाचे. कृष्णात म्हणाला, “त्यांना हात लावू नकोस ताई, ते मेकॅनिकचं काम.” सोबतची पुस्तिका जर्मन भाषेत आहे. ती त्यालाही वाचता येत नाही. म्हणजे ते मेकॅनिकचं काम आहे हे त्याला कुणी सांगितलं? पण पाहुणा होता, मी वाद वाढवला नाही.

ह्यांनी खेळायला साफ नकार दिला. पेपर वाचत बसले. पुष्कळ वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

रविवार, २४ डिसेंबर

कृष्णात मुंबईला परतला. डबा आम्हालाच ठेवून गेला.

सासूबाई सुटल्या आहेत. पहिल्या दिवशी मला हरवलं, दुसऱ्या दिवशी कृष्णातला. मी विचारलं, एवढं कसं जमतं? म्हणाल्या, “उभा जन्म जात्याचा खुंटा फिरवला, ह्यो एवढासा कान फिरवायला काय लागतंय?” मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “बायकांचा खेळ हाय म्हना ह्यो. पलटनीतल्या मानसाला झेपायचा न्हाई.”

हे उठले, डावीकडच्या पाटावर बसले आणि डाव्या हाताने खेळायला लागले. आईकडून वाईट हरले. उजवा हात मांडीवर होता. पण खेळाच्या शेवटी शेवटी त्याची बोटं आपोआप हलत होती. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

शुक्रवार, २९ डिसेंबर

शाळा लवकर सुटली. फाटकाशी आले तर आतून टक, टक, टक. फाटक करकरलं आणि आवाज थांबला. आत हे खुर्चीत पेपर वाचत होते. टीव्हीवर चादर. मी सहज चादरीवर हात ठेवला. टीव्ही गरम होता.

या एका गोष्टीवरून मी संध्याकाळभर काही अनुमान काढू नये असं ठरवलं होतं. काढलं. हे एकटे असताना उजव्या हाताने खेळतात. एक खेळ असा आहे की त्यात समोर भिंत असते, जोडीदार लागत नाही. आणि कान पिळणं म्हणजे दुसरं काय, नळ फिरवणंच. मिरजेच्या डॉक्टरांना हे सांगायला हवं.

मंगळवार, २ जानेवारी १९७९

नव्या वर्षाची सुरुवात शोधाने झाली.

हे पेन्शनच्या कामाला गेले होते, सासूबाई देवळात. मी डबा उलटा केला आणि मागचे खटके पाहिले. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं मी नववीच्या मुलींना दरवर्षी सांगते. तसंच केलं. पहिला खटका सरकवला, चेंडू पळायला लागला. परत घेतला, चालायला लागला. दुसऱ्याने चेंडू जास्त तिरका उडतो. राहिले दोन. तिसरा सरकवला. काही नाही. पुन्हा पाहिलं. डावी फळी दुप्पट झाली होती. परत केला, फळी आखूड. चौथा तसाच उजव्या फळीचा.

म्हणजे डब्यात दोन खेळाडूंना वेगवेगळं माप देण्याची सोय आहे. ज्याला जमत नाही त्याची फळी लांब ठेवा, ज्याला जमतं त्याची आखूड. कृष्णात हे यंत्र तीन दिवस खेळला आणि त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट त्याने मेकॅनिकवर सोपवून दिली. दोन्ही फळ्या आत्तापर्यंत आखूडच होत्या. आम्ही इतके दिवस विनाकारण हाल सोसत होतो.

खरं म्हणजे ह्यांच्याच लक्षात यायला हवं होतं, पलटणीत ते वायरलेसवर होते. पण ज्या माणसाने इतकी वर्षं सेट खोलले आणि जोडले, तो घरातल्या डब्याच्या मागे डोकावतसुद्धा नाही. हातावरचा विश्वासच उडाला असेल.

बुधवार, ३ जानेवारी

डावा खटका, ह्यांच्या फळीचा, “लांब”कडे सरकवला; उजवा आखूडच ठेवला. कुणाला सांगितलं नाही.

मी बोर्डाचे पेपर तपासते. नियमात बसत नसेल तर मी कुणाला अर्धा गुण दिलेला नाही. एका वर्षी एक मुलगी दोन गुणांनी राहत होती, अक्षर सुंदर होतं, मी पेपर पुन्हा पुन्हा पाहिला आणि नापासच केली. मग हे काय आहे? त्यांनी न मागता त्यांना गुण वाढवून दिले, आणि समोर बसणाऱ्या सासूबाईंना ठाऊकही नाही. वर त्या सत्तरीच्या.

पण ह्यांना जिंकलेलं पाहायचंय मला. जिंकला की माणूस उमेदीने बोलतो, आणि उमेदीत असला की तारखेबद्दलही बोलेल. अशी माझी साखळी आहे. तिच्यातली कुठली कडी कच्ची आहे ते झोपताना तपासायचं ठरवलं आणि झोपले.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिळगूळ घ्यायचा विसरून टीव्हीसमोर बसल्या. शेजारच्या शालूबाई चेंडू येताना कानाबरोबर स्वतःही वर-खाली होत होत्या.

एक नोंद करायलाच हवी. मला हा खेळ चांगला जमायला लागलाय. गेल्या आठवड्यापासून हात बसला आहे. चेंडू कुठे जाणार ते आधीच कळतं आणि फळी तिथे असते. कोन आणि परावर्तन इतकी वर्षं शिकवते, त्याचा परिणाम असावा. काल सासूबाईंना हरवलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना हरल्याचं काहीच वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

सोमवार, २९ जानेवारी

काळजी वाटते.

आता हे सगळ्यांसमोर उजव्या हाताने खेळतात. हे चांगलं. पण माझ्याशी रोज हरतात. लांब फळी असून हरतात. दात घट्ट आवळून मनगट फिरवतात, कपाळावर घाम येतो, आणि चेंडू फळीच्या शेजारून निसटतो. मी दोन-तीनदा मुद्दाम चुकले तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा चुकायची हिंमत झाली नाही.

लांब फळीवर ही गत, म्हणजे हात सुधारायच्या ऐवजी बिघडतोय का? मिरजेला पुन्हा जाऊ या म्हटलं तर म्हणाले, “हात ठीक आहे, बाई. तू खेळ.” शाळेतल्या मुली मला बाई म्हणतात. मी फार शिकवायला लागले की हेही म्हणतात.

मग हे अंघोळीला गेल्यावर डबा पाहिला. डावा खटका आखूडकडे होता. आपणहून सरकला असणार. स्प्रिंग ढिली आहे. परदेशी मालाचं एवढं कौतुक करतात, पण एक खटका जागेवर राहत नाही. पुन्हा लांब केला. बरंच हायसं वाटलं, हात बिघडलेला नाही तर.

गुरुवार, १ फेब्रुवारी

पुन्हा आखूड. जखमेला लावायची चिकटपट्टी आणली आणि डावा खटका लांबवर पक्का चिकटवून टाकला.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

चिकटपट्टी देवघरातल्या कॅलेंडरला लागलेली सापडली. कॅलेंडरचा कोपरा फाटला होता, तो जोडलाय. खटका आखूड.

सासूबाईंना विचारलं, डब्याची पट्टी तुम्ही काढलीत का? निवडत होत्या त्या डाळीतून मान वर न करता म्हणाल्या, “मी कशापायी? डब्याच्या मागं कवा त्यो हात घालतोय, कवा तू घालतीस. गुदगुल्या हुत असतील त्येला.”

हे धूळ पुसत असतील. फौजेची सवय. पुसताना खटका सरकतो, तेव्हा दोष स्प्रिंगचा नसावा. जर्मन कारागिरांबद्दल मी घाईने लिहिलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

अंजना सांगलीहून आली. जेवताना म्हणाली की कडेगावला आटपाडीकडचं एक स्थळ येऊन गेलं. हे तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. नाथाजीरावांचाही निरोप आहे. पाडव्यापर्यंत वाट बघतो, मग मला दौलतचं दुसरीकडे बघावं लागेल, राग मानू नका.

अंजना ह्यांना म्हणाली, “आप्पा, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. मी काही म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी म्हणू नका.”

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डावा. मग टीव्हीपुढे बसले आणि त्या भिंतीच्या खेळावर डब्यातल्या बॅटऱ्या मरेपर्यंत खेळले. अंजना आतल्या खोलीत रडत होती आणि बाहेर टक, टक चाललं होतं. लग्नापेक्षा ह्यांना खेळ महत्त्वाचा झाला का? डबा बंद करून टाकावा असं मनात आलं. आधी खटका पाहिला. आखूड. लांब केला. एवढं तरी.

शुक्रवार, ९ मार्च

ऊन वाढलं. घरात विचित्र गोष्टी होताहेत. सासूबाईंचं जुनं लुगडं दोरीवरून नाहीसं होतं आणि दोन दिवसांनी परत येतं, एका बाजूने पीळ पडलेलं. काल ते न्हाणीघरातल्या पितळी घागरीला गुंडाळलेलं सापडलं. पाणी गार राहावं म्हणून कुणी केलं असेल, ठीक. पण ओलं करायचं विसरलेलं. आणि वरून एक टोक पंख्यासारखं उभं काढून ठेवलेलं. घागर अगदी ऐटबाज दिसत होती. मी सोडून घडी घातली.

संध्याकाळी हे म्हणाले, घागरीवरचं लुगडं कुणी काढलं? मी म्हटलं, मी. म्हणाले, बरं. थोड्या वेळाने म्हणाले, “कसं दिसत होतं?” मी म्हटलं, लुगडं कसं दिसणार.

रविवार, २५ मार्च

सगळं लिहून काढायला हवं, नाहीतर उद्या मी स्वतःला बरी दाखवण्यासाठी काहीतरी बदलीन.

नाथाजीराव सकाळच्या एसटीने आले. पाडवा तीन दिवसांवर. पोहे खाल्ले, उसाचं, पाण्याचं बोलले. मग बशी खाली ठेवली. म्हणाले, “सुभेदार, मी निरोप धाडून थकलो. आज तोंडानं ऐकायला आलोय. व्हय का न्हाई?”

ह्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. अंजना दाराआड. सासूबाईच मग म्हणाल्या की पाहुण्याला आपला खेळ तरी दाखवा, तोंड उघडायला येळ लागतोय त्येचं. नाथाजीरावांनी पडद्याकडे पाहिलं, ठोकळा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि हसले. म्हणाले, “चला तर मग. मी जिकलो तर वैशाखातली तारीख. तुमी जिकलात तर तुमी म्हनाल तसं. मी उठून जातो, मनात काय ठेवत न्हाई.”

ते चेष्टेत बोलले खरे, पण तसल्या चेष्टेतून माणसाला माघार घेता येत नाही. ह्यांनी मान हलवली आणि डावीकडच्या पाटावर बसले.

सकाळीच मी डावा खटका लांब करून ठेवला होता. म्हणजे ह्यांची फळी लांब. समोर पहिल्यांदाच खेळणारा माणूस, घरी आलेला पाहुणा, होणारा व्याही. ह्यांनी फसवून जिंकायचं, मग पुढच्या वर्षी म्हणायचं, आणि माझ्या लेकीचं लग्न मी माझ्या हाताने मोडायचं. आणि हे सगळं ह्यांना बरं वाटावं म्हणून.

मी उठले, धूळ पुसते असं दाखवून डब्यामागे हात घातला. ह्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने. पकड चांगली होती, हे त्या क्षणीसुद्धा माझ्या लक्षात आलं.

“राहू दे,” हे म्हणाले.

मी म्हटलं, “नाही राहायचं. नाथाजीराव, ह्यांची फळी लांब आहे. मी केलीय. ह्यांना ठाऊक नाही. जानेवारीपासून करतेय.”

कुणाला काही कळलं नाही. मला खटका, फळी, माप, सगळं समजावून सांगावं लागलं, वर्गात सांगते तसं. नाथाजीराव एकदा माझ्याकडे, एकदा डब्याकडे बघत होते.

ह्यांनी डबा उलटा करून माझ्यापुढे धरला. डावा खटका आखूडकडे होता.

“तू लांब करतीस,” हे म्हणाले, “मी मागनं आखूड करतो. पहिल्या आठवड्यापासनं. मला वाटलं आज ना उद्या तू दमशील.”

मी म्हटलं, अहो पण का?

“लांब फळी असली की हात फिरवावाच लागत नाही. ती नुसती उभी राहते आणि चेंडू आपटून परत जातो. डॉक्टरनं काय सांगितलं होतं?”

मी विज्ञान शिकवते. फळी निम्मी तर मनगट दुप्पट फिरणार, हे मला एकदाही सुचलं नाही. मी तीन महिने ह्यांचा व्यायाम बंद पाडू पाहत होते आणि त्याला दया म्हणत होते.

नाथाजीरावांना मात्र आता सगळं समजलं. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. म्हणाले, “बरोबर हाय की, वहिनी. हलका गडी धरून मेहनत केली तर पैलवान हुतोय व्हय कुनी? अंगाला जड जाईल अशीच जोड धरत्यात.” मग ठोकळा मांडीवर घेऊन सरसावून बसले. “चला. आखूड तर आखूड.”

खेळ झाला. नाथाजीराव पहिल्यांदा बसले होते, तरी चांगले खेळले. चेंडू त्यांच्या फळीला हमखास सापडत होता. ह्यांचं मनगट इतकं फिरताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. वर, खाली, पुन्हा वर. एकदा कळ आली तेव्हा डोळे मिटले, पण फळी जागेवर होती. दोघेही चौदावर आले. अंजना दाराआडून कधी बाहेर आली कळलं नाही. तिची नजर पडद्यावर नव्हती, ह्यांच्या हातावर होती. शेवटचा चेंडू खालच्या कोपऱ्यात गेला, ह्यांनी कान पिळला, टक झालं, आणि तो नाथाजीरावांच्या डोक्यावरून, म्हणजे फळीच्या वरून, निघून गेला.

हे जिंकले. अंजनाने मान खाली घातली. नाथाजीराव ठोकळा खाली ठेवून उठायला लागले.

“बसा,” हे म्हणाले. “मी म्हणेन तसं, असंच ठरलं होतं ना? मी म्हणतो, वैशाख.” आणि मग, “फेटा काढा डोक्यावरचा.”

नाथाजीरावांनी काही न विचारता काढून दिला. ह्यांनी त्याचं एक टोक अंजनाच्या हातात धरायला दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि पीळ घालायला सुरुवात केली. मनगट हलत होतं, थोडं थरथरत होतं. मध्ये एकदा पीळ निसटला.

सासूबाई म्हणाल्या, “घागरीवर तर झ्याक बसत हुता. ह्येंच्या डोस्क्यावर का बसंना?”

घागर. मी भिंतीला टेकून खाली बसले. लुगडं, घागर, कढीपत्त्याला पाणी, पुढचं वर्ष. सगळं माझ्यासमोर घडलं होतं, आणि सगळं मी तारखेनिशी लिहूनसुद्धा ठेवलं आहे.

फेटा बांधून झाला. तुरा डावीकडे कललेला होता. हे सरळ करायला गेले तर नाथाजीरावांनी डोकं मागे घेतलं. म्हणाले, तसाच राहू दे, कडेगावपर्यंत असाच जातो. एसटीच्या खिडकीतून तो फेटा वळणापर्यंत दिसत होता.

गुरुवार, १० मे

काल अंजनाचं लग्न झालं. ऊन फार होतं, मांडव कमी पडला, जेवणं मात्र वेळेवर झाली. फेटे बांधणारा माणूस बोलावलेला होता, त्याने वऱ्हाडाचे बांधले. व्याह्याचा ह्यांनी बांधला. या वेळी तुरा सरळ होता. नाथाजीराव थोडे हिरमुसले, म्हणाले, मागचा जास्त आवडला होता.

फार थकले आहे. अंजनाबद्दल आज लिहीत नाही.

रविवार, १३ मे

घर रिकामं रिकामं वाटतंय. सासूबाई दिवसभर टीव्हीकडे पाठ करून बसल्या. संध्याकाळी हे म्हणाले, बसतेस का एक डाव?

हे पाणी प्यायला आत गेले तेव्हा सवयीने डबा उलटा केला. आता ह्यांची फळी आखूड आहे ना, एवढंच बघायचं होतं. होती. त्याच्या शेजारी उजवा खटका. तो मी त्या मंगळवारच्या प्रयोगानंतर कधी पाहिलाच नव्हता; पडद्यावरही माझी नजर कायम चेंडूवर, फळ्यांच्या मापावर नाही. मी माझी फळी आखूडच ठेवली होती, तशी इथे नोंद आहे.

तो लांबकडे होता. नाथाजीराव म्हणाले तशी जड जोड, ह्यांनीच केलेली.

कोन आणि परावर्तन. मी जानेवारीची पानं पुन्हा वाचली आणि एकटीच लाल झाले. सासूबाई त्या दिवशी का हसल्या ते आज कळलं. आणि नाथाजीरावही माझ्याच पाटावर बसले होते, तरी हरले.

आता काय करायचं हे उघड होतं. जे नियमात बसत नाही ते घ्यायचं नाही. मी खटक्यावर बोट ठेवलं. आतून पेला ठेवल्याचा आवाज आला, मग ह्यांची पावलं.

लेक जाऊन चारच दिवस झालेत. मी बोट काढून घेतलं, डबा सरळ ठेवला आणि माझ्या पाटावर जाऊन बसले. आज राहू दे लांब.